ग्रीकांचा एक तास

मी इंग्लंडला गेले ती भांडायला. व्हिसाच्या अर्जात ‘भेटीचं कारण’ असा रकाना होता आणि त्यात भांडण हा पर्याय नव्हता, म्हणून ‘नातेवाइकांना भेटणे’ यावर खूण केली. ते खोटंही नव्हतं. भांडायचं होतं ते सख्ख्या मावशीशीच.

कराडला आमचा छापखाना आहे. बाबा तिथे लग्नपत्रिका छापतात आणि कापून उरलेल्या कागदावर मुहूर्ताच्या विरोधात पत्रकं छापतात. एकाच टेबलावर एका बाजूला ‘शुभमुहूर्त सकाळी १० वाजून ४२ मिनिटे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मुहूर्त कोणाच्या सोयीचा?’ असे दोन ढीग माझ्या लहानपणी कायम असायचे. मी अक्षरं शिकले ती दुसऱ्या ढिगावरून. आयुष्यात पहिलं अख्खं वाक्य वाचलं ते ‘ग्रहणात जेवा आणि काय झालं ते आम्हाला कळवा’. पुढे मीही लिहायला लागले. नाव तर बाबांनी आधीच चिकित्सा ठेवलं होतं, मुलीने प्रश्न विचारावेत म्हणून. घरात चिकू म्हणतात. इंग्लंडमधल्या मराठी माणसांना मात्र नाव सांगितलं की ती आपला गुडघा दाखवायची.

तर भांडणाचं कारण. मावसबहीण तन्वी स्टॅनमोरला जन्मली, वाढली आणि आता मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात लोकांचे कान तपासते. तिला निको नावाच्या गणिताच्या शिक्षकाशी लग्न करायचं होतं. निको ग्रीक, म्हणजे आजी-आजोबा सायप्रसहून आलेले, तो स्वतः मँचेस्टरचा. उषामावशीने त्याची पत्रिका मांडली, आठव्या घरात मंगळ निघाला आणि मावशी नाही म्हणाली. तन्वीचा फोन आला.

“चिकू, तू ये ना. आई तुझा ऐकते. मी साइन करून लग्न करू शकते, बट आईशिवाय मला नाही करायचा.”

मला तिच्या व्याकरणातल्या लिंगापेक्षा मुद्दा महत्त्वाचा वाटला. शिवाय तेव्हा मी एक नवं पत्रक लिहीत होते: ‘ग्रीकांचं देणं’. ज्या लोकांनी ‘असं का?’ हा प्रश्न जगाला शिकवला, भूमिती सिद्ध करून दाखवली, काठीच्या सावलीवरून पृथ्वीचा घेर काढला, त्यांच्याविषयी. आणि त्यांच्याच वंशजाला माझी मावशी मंगळावरून नाकारते. विमानात मी वाक्य घोकत होते: “काठीच्या सावलीवरून ज्यांनी पृथ्वी मोजली, त्यांच्या मुलाला तू कागदावरच्या चौकटीवरून मोजतेस?” शेजारच्या बाईंनी जागा बदलून घेतली.

स्टॅनमोर, शुक्रवार आणि शनिवार

ज्युबिली लाइन जिथे संपते तिथून दहा मिनिटांवर मावशीचं घर आहे. ओळीने सारखी घरं, पुढे गुलाब, मागे काकांच्या काचेच्या खोलीत मेथी. काका फार बोलत नाहीत. मला बघून त्यांनी मेथीची जुडी हातात दिली आणि बॅग उचलली.

मावशी दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. पत्रिका आधीही बघायची, निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी जेवणाच्या टेबलावर बघते. ॲपवर तिचा विश्वास नाही. जाड पंचांग, पट्टी, टोक केलेली पेन्सिल आणि रिसेप्शनवरचीच शिस्त: वेळ घेतल्याशिवाय यायचं नाही, उशीर झाला तर पुढचा शनिवार.

त्या शनिवारी मेडनहेडहून पुण्याचा एक सॉफ्टवेअरवाला आला होता. कंपनी व्हिसाची स्पॉन्सरशिप पुढे चालू ठेवेल का, हा त्याचा प्रश्न. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत दात-ओठ खात ऐकत होते. मावशी म्हणत होती, गुरू केंद्रात आहे, चांगलं आहे, शनी पणफरात, बुध आपोक्लिमात, म्हणून ईमेलला उत्तर येत नाहीये. शेवटी तिने त्याला मॅनेजरला समोर बसून स्पष्ट विचारायला सांगितलं. हा सल्ला मीही दिला असता, पण बुधाला मध्ये न आणता.

तो गेल्यावर मी हात पुसले, टेबलापाशी उभी राहिले आणि विमानातलं वाक्य म्हटलं. चांगलं म्हटलं. आवाज कुठे उतरवायचा हे मला सभांमुळे कळतं.

मावशीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “बरं,” ती म्हणाली. “पोळी गरम आहे, बसून घे.”

“मावशी, मी तत्त्वाचं बोलतेय.”

“मग बसून बोल. तुझ्या ग्रीकांनी पृथ्वी मोजली ना? मोजू देत. मँचेस्टर ते स्टॅनमोर किती होतं ते नाही मोजलं का कोणी?”

याचा मंगळाशी संबंध काय ते मला तेव्हा कळलं नाही. मी ते मुद्द्याला बगल देणं समजले आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

लंडन, रविवार

रविवारी सकाळी अकराला लंडनच्या मोठ्या संग्रहालयात ग्रीक विज्ञानावरचा मोफत फेरफटका होता. मी वेळेआधी पाच मिनिटं दारात होते आणि फेरफटका संपून लोक बाहेर येत होते.

माझ्या मनगटावर बाबांचं किल्लीचं घड्याळ. त्यात पाच कमी अकरा. भिंतीवर पाच कमी बारा. मी दारावरच्या माणसाला त्यांचं घड्याळ पुढे आहे असं सांगितलं. तो अतिशय नम्रपणे म्हणाला की देशच पुढे आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे सगळं इंग्लंड घड्याळ एक तास पुढे करतं, ऑक्टोबरात मागे आणतं. काकांनी आदल्या संध्याकाळीच भिंतीवरचं घड्याळ बदललं होतं. न बोलता, अर्थात.

मी तिथेच उभी राहून चिडले. सहा कोटींहून जास्त लोकांच्या आयुष्यातून सरकार एक तास काढून घेतं आणि मोर्चा नाही, निषेधसभा नाही, लोक चहा पितात. आमच्याकडे पाच मिनिटं वीज गेली तर आम्ही अभियंत्याला घेराव घालतो.

फेरफटका घेणाऱ्या बाईंना माझी दया आली. निवृत्त शिक्षिका, गळ्यात स्वयंसेवकाचा बिल्ला, खगोलशास्त्राचा इतिहास शिकवत असत. त्यांनी मला एकटीला पुन्हा फिरवलं. मी त्यांना पत्रकाचा आशय सांगितला: ग्रीक म्हणजे विवेक, आणि ज्योतिष म्हणजे विवेकाचा शत्रू. ‘अरेरे’ या अर्थाचं काहीतरी त्या पुटपुटल्या आणि मला एका बाकावर बसवलं. वाईट बातमी देताना डॉक्टर बसवतात तसं.

त्या म्हणाल्या की ज्याने प्राचीन काळातली ताऱ्यांची सर्वांत मोठी यादी केली, त्यानेच ज्योतिषावरही ग्रंथ लिहिला. जन्माच्या क्षणी पूर्वेला कोणती रास उगवत होती ते बघून माणसाचं भविष्य सांगण्याची पद्धत ग्रीकांच्या हातून घडली आणि तिथून भारतात गेली. होरा हा शब्दच ग्रीक. इंग्रजी ‘अवर’ही तोच. त्याचा अर्थ तास.

मी गप्प होऊ शकत नाही, हा माझा दोष आहे. मी म्हटलं, शक्य नाही, आमच्याकडे सगळे शब्द संस्कृत आहेत. आणि पुरावा म्हणून मावशीचे शनिवारचे शब्द, पत्रिकेतल्या घरांच्या तीन गटांची नावं, फेकले: केंद्र, पणफर, आपोक्लिम.

बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी टाळी वाजवली. केंत्रॉन, एपानाफोरा, आपोक्लिमा, असे त्यांनी तिन्ही शब्द मला परत दिले, ग्रीकमध्ये.

केंद्र सरकारवर मी आजवर अकरा पत्रकं लिहिली आहेत. ते नावापासून ग्रीक आहे हा मुद्दा एकातही आला नव्हता.

परत येताना ट्रेनमध्ये मी ‘ग्रीकांचं देणं’चा मसुदा काढला आणि पहिल्या परिच्छेदावर काट मारली. मग दुसऱ्या. स्टॅनमोर येईपर्यंत शीर्षक तेवढं उरलं होतं, आणि ते अजूनही बरोबर होतं, हाच त्रास होता.

मँचेस्टर, मंगळवार ते शुक्रवार

तन्वी मला ट्रामच्या थांब्यावर घ्यायला आली. तिच्यात आणि माझ्यात चार वर्षांचं अंतर आणि एक व्याकरण आहे. ती भरभर चालते, भरभर बोलते आणि मराठी बोलताना प्रत्येक वस्तूला पुल्लिंगी करून टाकते. निको उंच, शांत. डोळ्यांखाली वह्या तपासून आलेली वर्तुळं. दिवसभर फळ्यावर अल्फा-बीटा-थीटा लिहितो, पण घरात आजी ग्रीकमध्ये रागावली की अर्धंच कळतं, असं त्याने पहिल्याच भेटीत कबूल केलं. तन्वी म्हणाली, म्हणूनच आम्ही एकमेकांना आवडलो, दोघांना पण घरात अर्धाच कळते.

बुधवारी दुपारी आजीकडे जेवायला गेलो. ग्रीकमध्ये आजीला याया म्हणतात. याया काळ्या कपड्यांतली, बुटकी, आणि हाताची पकड अशी की मी आपोआप खाली बसले. तिने तीस वर्षं चिप शॉप चालवलं, तेलात मासे आणि बटाटे तळले, मुलं वाढवली, नातू वाढवला.

त्यांचे ईस्टरआधीचे उपवास चालू होते. आमच्याकडे उपवास म्हणजे दोन्ही वेळा खाऊन उठता येत नाही इतकी साबुदाण्याची खिचडी. त्यांच्याकडे मांस, दूध, अंडी बंद. मला वाटलं उपाशी परतणार. यायाने समोर चवळी ठेवली. शिजवलेली चवळी, तिच्यात कोवळी हिरवी कुकर्जेटं, म्हणजे दिसायला काकडी आणि चवीला दुधी, वरून ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. मी फोडणी शोधत होते, पण तिसऱ्या घासाला शोधणं थांबवलं. इंग्रजांचा ईस्टर येत्या रविवारी होता, यायाचा त्याच्या पुढच्या. यायाचं म्हणणं असं की इंग्रजांना चंद्र मोजता येत नाही.

जेवणानंतर तिने छोट्या कपात दाट कॉफी दिली, आणि मी संपवल्यावर कप बशीवर पालथा घातला. तळाच्या गाळात भविष्य बघायला. मी विवेकाने निषेध नोंदवला. निकोने तो अनुवादित केला. यायाने कपात बघून उत्तर दिलं आणि निको कानापर्यंत लाल झाला.

“काय म्हणाली?”

“ती म्हणते, तू खूप भांडतेस म्हणून तुला नजर लागली आहे.”

मग तिने धुपाटण्यासारखं एक भांडं आणलं, त्यात ऑलिव्हची वाळलेली पानं पेटवली आणि माझ्या डोक्याभोवती तीनदा धूर फिरवला. मीठ-मोहऱ्यांऐवजी पानं, बाकी आमच्या शेजारच्या काकू करतात तेच, तेवढ्याच आत्मविश्वासाने. मी वैज्ञानिक आक्षेप मांडायला तोंड उघडलं तेवढ्यात छतावरचा स्मोक अलार्म कोकलायला लागला. निको खुर्चीवर चढून टॉवेल हलवत होता, तन्वी खिडक्या उघडत होती आणि याया समाधानाने मान हलवत होती. किती नजर होती बघा, असं तिचं म्हणणं पडलं.

या गोंधळात मी मूळ विषय काढला. इंग्लंडच्या जन्मदाखल्यावर जन्मवेळ नसते. जुळी झाली तरच लिहितात. मग मावशीला पाठवायला तन्वीला वेळ कुणी सांगितली? यायानेच. ती अभिमानाने सांगू लागली. जूनचा शुक्रवार, संध्याकाळची गर्दी, हॉस्पिटलातून फोन आला की आत्ता, या मिनिटाला मुलगा झाला. तिने तळणीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सहा वाजून दहा. त्या घाण्यातले मासे तिने गिऱ्हाइकांना फुकट वाटले.

जून, हे ऐकून माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. तन्वीच्या फोनवर मावशीने पाठवलेल्या पत्रिकेचा फोटो होता. मावशीच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: सायंकाळी ६-१०, ग्रीनिच.

जूनमध्ये चिप शॉपच्या भिंतीवरचं घड्याळ ग्रीनिचची वेळ दाखवत नाही. ते एक तास पुढे असतं. खरी वेळ पाच-दहा.

मी ज्योतिष मानत नाही, पण मला ते येतं. विरोध करायचा तर शिकून करायचा, ही बाबांची शिस्त. ‘स्वतःची पत्रिका स्वतः खोटी पाडा’ ही आमची पुस्तिका माझीच आहे. त्यामुळे गुरुवारी तन्वी कामावर गेल्यावर मी तिच्या सोफ्यावर बसून गणित केलं. एक तास वजा केला की लग्नरास, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, एक घर मागे जाते, आणि मंगळ आठव्यातून नवव्यात पडतो. नववं म्हणजे भाग्याचं घर. त्या संग्रहालयातल्या बाईंच्या भाषेत, मंगळ पणफरातून आपोक्लिमात गेला. मंगळदोष खलास.

मी कागदाकडे बघत बसले. हे मावशीला दाखवलं तर तन्वीचं लग्न होणार होतं. आणि ते होणार होतं चिकित्सा नावाच्या मुलीने मांडलेल्या अचूक पत्रिकेमुळे. आमच्या छापखान्याने एवढी वर्षं छापलेल्या प्रत्येक ओळीच्या विरोधात. न दाखवलं तर माझं तत्त्व शाबूत राहणार होतं आणि तन्वी आईशिवाय सही करणार होती, किंवा करणारच नव्हती.

मी बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं. मागे मशीनचा आवाज येत होता.

“चिकू,” ते म्हणाले, “आपण लग्नपत्रिका छापतो तेव्हा मुहूर्ताचं प्रूफ तपासतो की नाही?”

“तपासतो.”

“मुहूर्त मानतो?”

“नाही.”

“दहा बेचाळीसचं दहा चोवीस झालं तर दुरुस्त करतो ना. मग हे प्रूफ समज.”

शुक्रवारी मी जाहीर केलं की उद्या सगळ्यांनी स्टॅनमोरला जायचं. तन्वी नको म्हणाली. आईला भेटून काय होणार, ती नाही म्हणाली आहे ना, मेसेजमध्ये लिहिलंय. पण यायाला पत्रिका बघणारी बाई बघायचीच होती. एक व्यावसायिक दुसऱ्या व्यावसायिकाला बघायला उत्सुक असतो तशी. तन्वी बसल्याशिवाय आपण गाडीत बसणार नाही, असं सांगून तिने फुटपाथवर पर्स मांडीवर घेऊन ठाण मांडलं. घेरावाचं तंत्र तिला उपजत येत होतं. मी मावशीला फोन केला की आम्ही जेवायला येतोय. तिने फक्त किती जण ते विचारलं.

पुन्हा स्टॅनमोर, शनिवार

इंग्रजी ईस्टरच्या सुटीमुळे मोटरवे तुंबला होता. दोनला पोचलो. मावशीने त्या शनिवारच्या सगळ्या वेळा रद्द केल्या होत्या. दार उघडलं, समोर याया दिसली आणि मावशी कोणालाही म्हणते तसं म्हणाली, “या, या.”

याया उंबऱ्यातच थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अनोळखी भारतीय बाईने पहिल्याच क्षणी आपल्याला आजी म्हणून हाक मारली, असा तिचा समज झाला. ती छातीवर हात ठेवून म्हणाली, “याया.” मावशीला वाटलं, बाई अडखळताहेत, आपण अजून आग्रह करावा. “या ना, या, या.” यायाने तिला मिठी मारली. निको मला हळूच म्हणाला की तुझ्या मावशीने ग्रीक शिकून घेतलं, किती छान. मी खुलासा करायला गेले, पण तन्वीने माझ्या पायावर पाय दिला.

मावशीने अळूवडी केली होती. पानात गुंडाळून केलेला पदार्थ बघून याया थबकली, मग एक वडी उलगडून तिच्या आत बघितलं. तिच्याकडे द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळतात. तिने आठ खाल्ल्या आणि मावशीला गुंडाळी घट्ट कशी बसवायची ते हातवारे करून शिकवलं. मावशीनेही तीस वर्षांचा अनुभव बाजूला ठेवून ते ऐकून घेतलं. श्रीखंड मात्र उपवासामुळे परत गेलं. काकांनी दोन वाट्या खाल्ल्या.

जेवण झालं आणि यायाने घड्याळाकडे बोट दाखवून निकोला ग्रीकमध्ये किती वाजले ते विचारलं. त्यात ‘ओरा’ हा शब्द होता. मावशीने मान वर केली.

“होरा म्हणाल्या का त्या?”

संधी होती. मी खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. पाठ केलेलं काहीच आठवलं नाही.

“मावशी, निकोच्या जन्मवेळेत चूक आहे. उन्हाळ्यातला एक तास वजा करायचा राहिलाय. मंगळ आठव्यात नाही, नवव्यात आहे.”

मावशीने कागद उचललाही नाही.

“माहीत आहे मला.”

काकांचा चमचा वाटीत वाजला.

“पंचवीस वर्षं या देशात पत्रिका बघतेय मी. समर टाइम मला कळत नाही होय गं? दाताच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट दिल्यात मी. मार्चच्या त्या सोमवारी किती जण तासभर उशिरा येतात, मला विचार.”

“मग ग्रीनिच कशाला लिहिलंस?”

“खोटं लिहिलं.” ती माझ्याकडे बघतच नव्हती. “हिने मला मुलगा दाखवला नाही. फोनवर जन्मवेळ पाठवली. खाली लिहिलं, प्लीज चेक. पार्सल आहे का ते? मला वाटलं, मंगळ आहे म्हटलं की भांडायला तरी घरी येईल. चार तास गाडीत बसेल, दार आपटेल, ओरडेल. तर हिने भांडायला कराडहून माणूस मागवला.”

तो माणूस मी. मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं, आणि वाईट अर्थाने.

तन्वी उभी राहिली. “तू खोटा बोलली? आई, तू मला तीन महिने रडवला!”

“रडवलंस.”

“रडवलंस! मी वाटत होते तो मंगळ मला मारणार, मग तू एकटा राहणार…”

“एकटी.”

“एकटी! मी मराठीत भांडू शकत नाही, म्हणून मी नाही आले! तू फास्ट बोलते आणि मला शब्द मिळत नाही आणि मी हरते. दर वेळी. लहानपणापासून. म्हणून मी चिकूला बोलावला. तिच्याकडे शब्द आहे.”

मावशीने दुरुस्तीसाठी तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

याया आणि निकोला एक अक्षर कळत नव्हतं. तरी यायाने ओळखीच्या नजरेने दोघींकडे बघितलं, पर्समधून ऑलिव्हची पानं काढली आणि काडीपेटी शोधायला लागली. काकांनी उठून, कुणी न सांगता, स्मोक अलार्मची बॅटरी काढली.

धुरात मावशी म्हणाली, “इंग्लिशमध्ये भांड मग. मला येतं की.”

“इंग्लिशमध्ये मला भांडायचा नाहीये. मला विचारायचा आहे.”

“विचार.”

“मी निकोशी लग्न करू?”

“कर,” मावशी म्हणाली. “एवढं विचारायला तीन महिने लागतात का?” आणि मग ती पदर नसलेल्या कुर्त्याने डोळे पुसायला लागली, धुराचं कारण सांगत.

माझी पत्रिका टेबलावर तशीच पडली होती. कुणाला तिची गरज नव्हती. मी दोन दिवस तत्त्व पणाला लावून केलेलं प्रूफ कुणी वाचलंही नाही. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की छापखान्यात असं नेहमीच होतं.

मला वाटलं, संपलं. पण तारीख ठरवायची होती, आणि आता दोन्ही बायका मैत्रिणी झाल्या होत्या. मावशीने पंचांग आणलं: यंदा अधिक महिना आहे, तो नको, पुढे चातुर्मास, तो नको. यायाने पर्समधून चर्चचं कॅलेंडर काढलं: उपवास संपेपर्यंत नको, ऑगस्टचे पहिले पंधरा दिवस नकोत, मंगळवार तर कधीच नको, कधी काळी मंगळवारीच ग्रीकांची राजधानी शत्रूच्या हाती पडली. मग दोघींनी माझ्याकडे बघितलं, कारण माझं गणित चांगलं आहे हे आता सिद्ध झालं होतं.

आणि मी, ‘मुहूर्त कोणाच्या सोयीचा?’च्या चौथ्या आवृत्तीची संपादक, त्या टेबलावर बसून पट्टीने चौकट आखली. एका बाजूला तिथी, दुसऱ्या बाजूला संत. जून आणि जुलैच्या मध्ये थोडे आठवडे रिकामे उरले. तन्वीने फोनवर कौन्सिलची वेबसाइट उघडली आणि त्या आठवड्यांतली रजिस्ट्री ऑफिसची एकच वेळ मोकळी असल्याचं सांगितलं. मंगळवार, सकाळी अकरा.

यायाने छातीवर क्रॉसची खूण केली. मावशी निकोमार्फत तिला समजावू लागली की आमच्याकडे मंगळवार म्हणजे मंगळाचा दिवस, आणि तुमच्या नातवाचा मंगळ नवव्यात असल्यामुळे त्याला तो उलट चांगलाच. यायाला हे पटलं नाही. तिने कॉफी मागितली, कपात बघून ठरवू म्हणाली. मावशीला कॉफीची पद्धत शास्त्रीय वाटली नाही. मी दोघींना सांगायला गेले की दोन्हींच्या मुळाशी तेच ग्रीक आहेत, आणि दोघी एकदमच मला गप्प बस म्हणाल्या, आपापल्या भाषेत. निको तिघींचे अनुवाद करत घामाघूम झाला होता.

तन्वीने कुणालाही न विचारता बटण दाबलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

“झाला बुक,” ती म्हणाली. “मंगळवार. अकरा वाजता. सगळी या.”

मी मावशीकडे बघितलं. मावशी यायाला चहा की कॉफी ते पुन्हा विचारत होती. तिने काहीच दुरुस्त केलं नाही.